उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळणारी मालवाहू विमाने: वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे यूपीएस कंपनीचे एमडी-११ जातीचे मालवाहू विमान उड्डाण घेता घेताच कोसळले. तेव्हापासून या सदराकडे मालवाहू विमानांच्या अपघातांविषयी अनेक पत्रे आली. त्यांतील बहुतेकांच्या मनात मात्र २०१३ मधील अफगाणिस्तानातल्या बगरामच्या अपघाताची चित्रफीत आहे, हे वाचताना जाणवले. म्हणून उत्तरांना तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न (पुणे): बगराम येथे नाक वर करून जणू हवेत थबकलेले आणि मग आडवे होऊन खाली आलेले मालवाहू विमान चित्रफितीत पाहिले. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, तसाच माल मागे सरकून शेपूट जड झाली आणि विमान पडले, असे सगळीकडे सांगितले जाते. हे कारण पुरेसे आहे का?

उत्तर: आपण सांगता ते कारण चूक नाही, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे त्या दिवशी निर्णायक ठरले.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम हवाई तळावरून नॅशनल एअरलाइन्सचे बोइंग ७४७-४०० मालवाहू विमान दुबईकडे निघाले. त्याआधी कॅम्प बॅस्टियन येथे त्यात पाच चिलखती लष्करी वाहने चढवण्यात आली होती. त्यांपैकी दोन प्रत्येकी सुमारे १२ टनांची आणि तीन सुमारे १८ टनांची होती. बगरामला विमान केवळ इंधन भरण्यासाठी उतरले होते, तेथे नवा माल चढला नाही. धावपट्टी सोडल्यावर काही क्षणांतच विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेले, वेग घटला, पंखांवरील उचल नाहीशी झाली आणि विमान तळाच्या आवारातच कोसळून पेटले. विमानातील सातही जण मृत्युमुखी पडले.

नाक फार वर गेले की पंखावरून वाहणारी हवा त्याच्या पृष्ठभागाला धरून राहत नाही, सुटून भोवरे घेऊ लागते, आणि पंख विमानाचा भार पेलेनासा होतो. या अवस्थेला वैमानिकांच्या भाषेत स्टॉल म्हणतात. उंची हाताशी असेल तर नाक खाली करून वेग मिळवता येतो आणि त्यातून बाहेर पडता येते. जमिनीपासून काहीशे मीटरांवर तेवढी जागाच नसते. चित्रफितीत दिसतो तो स्टॉलच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण स्टॉल हा परिणाम झाला. नाक वर का गेले आणि वैमानिकांना ते खाली का आणता आले नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी निघाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१५ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार सर्वांत मागचे वाहन आपल्या बांधणीतून सुटले, मागे गेले आणि केबिनमधील हवेचा दाब राखणाऱ्या मागील भिंतीला भेदून शेपटीत शिरले. तेथे काय असते ते पाहिले की अपघाताचे स्वरूप स्पष्ट होते. ७४७ मध्ये चार हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबाने नियंत्रणे हलवणाऱ्या यंत्रणा, असतात. त्यांपैकी पहिल्या व दुसऱ्या यंत्रणेच्या नळ्या या धडकेत निकामी झाल्या. त्याहून गंभीर इजा जॅकस्क्रूच्या भागाला झाली. विमानाच्या शेपटीतील आडवा पंख मागच्या बाजूला बिजागरीसारखा बसवलेला असतो आणि त्याची पुढची कड आटे पाडलेल्या एका जाड, उभ्या दांड्यावर, म्हणजे जॅकस्क्रूवर, तोललेली असते. हा दांडा फिरला की कड वर किंवा खाली सरकते आणि त्या कोनावर विमानाचे नाक कुठे राहणार ते ठरते. हा आधारच मोडला की पंखाचा कोन वैमानिकाच्या हातात राहत नाही. त्याने नियंत्रणदांडी शेवटपर्यंत पुढे ढकलली तरी मागचा लहान हलता भाग, म्हणजे एलिव्हेटर, एवढ्या मोठ्या पंखाच्या चुकलेल्या कोनावर मात करू शकत नाही.

शेपटीतील यंत्रणा शाबूत राहिली असती, तर ते एक वाहन मागे गेल्यामुळे ढळलेला तोल वैमानिकांना सावरता आला असता, असे मंडळाच्या विश्लेषणातून दिसून आले. म्हणून केवळ शेपूट जड झाल्यामुळे विमान पडले, असे म्हणण्यापेक्षा सुटलेल्या वाहनाने विमानाची नियंत्रणे मोडली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

प्रश्न (कोल्हापूर): माझा वाहतुकीचा व्यवसाय आहे. १२ टनांच्या वाहनाला सुमारे दोन डझन पट्टे बांधले होते आणि प्रत्येक पट्टा ५,००० पौंडांचा होता, असे वाचले. हिशोब केला तर हे पट्टे ५० टनांहून अधिक भार धरतात. मग वाहन सुटलेच कसे?

उत्तर: आपला गुणाकार बरोबर आहे आणि नेमका हाच गुणाकार फसवा आहे. पट्ट्यावर छापलेली क्षमता तो सरळ रेषेत ओढला गेला असताना धरायची असते, आणि विमानात एकही पट्टा असा सरळ बसत नाही.

कल्पना यावी म्हणून सोपी आकडेमोड करू. यातील कोन आम्ही गृहीत धरलेले आहेत, ते त्या विमानातले नव्हेत. २४ पट्ट्यांपैकी निम्मे वाहनाला पुढे जाण्यापासून अडवतात आणि निम्मे मागे जाण्यापासून. म्हणजे मागच्या दिशेसाठी उरले १२. प्रत्येक पट्टा वाहनापासून जमिनीकडे आणि बाजूला तिरपा गेलेला असतो. त्याचा मागच्या दिशेशी कोन ६० अंशांचा असेल, तर त्याचे त्या दिशेतील बळ थेट निम्म्यावर येते. ५,००० पौंड म्हणजे सुमारे २,२७० किलो. त्याचे निम्मे १,१३५ किलो. बारा पट्ट्यांचे मिळून झाले साडेतेरा टनांच्या आसपास. आता वाहनाच्या वजनाच्या दीडपट बळ अडवायचे ठरवले, तर लागतात १८ टन. कागदावर ५४ टन वाटणारी बांधणी येथेच अपुरी पडली. शिवाय सर्व पट्ट्यांवर ताण कधीच सारखा येत नाही. सर्वांत ताठ पट्टा आधी तुटतो आणि त्याचा भार शेजारच्यावर जातो. पट्टा ज्या कडीला अडकवला आहे, तिची आणि विमानाच्या जमिनीतील पट्टीची सहनशक्ती किती, हाही स्वतंत्र हिशोब असतोच. त्यात वाहनाला स्प्रिंगा आणि हवेचे टायर असतील, तर ते धक्क्यागणिक खाली दबते आणि पट्टे ढिले पडतात, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

उड्डाणाच्या वेळीच बांधणीची परीक्षा का होते, हेही त्याच ओघात सांगतो. धावपट्टीवर विमान वेग घेत असताना माल मागे राहू पाहतो. त्यानंतर नाक वर होते. ते १५ अंश वर असेल, तर वजनाचा सुमारे पाव भाग मागच्या दिशेने ओढू लागतो. वेगवाढ आणि चढ एकाच वेळी मागे ढकलतात, असा टप्पा प्रवासात बहुधा हाच.

बगरामच्या बाबतीत इशारा आधीच मिळालेला होता. विमान तळावर उभे असताना कर्मचाऱ्यांमध्ये झालेले संभाषण ध्वनिमुद्रित आहे. आधीच्या उड्डाणात माल हलल्याचे आणि एक पट्टा तुटल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. त्यावर ते आपापसांत बोलले आणि बांधणी पुन्हा आवळण्यावर काम भागले. हा भाग वाचताना मन अस्वस्थ होते. तरीही माल बांधणाऱ्या लोडमास्टरच्या माथी सगळा दोष मारणे आम्हाला मान्य नाही, आणि मंडळानेही तसे केलेले नाही. विमान आणि मालबांधणीची साधने बनवणाऱ्यांनी अशा अवजड मालासाठी दिलेली महत्त्वाची माहिती कंपनीच्या हस्तपुस्तिकेत उतरलेलीच नव्हती, आणि कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचे तिकडे पुरेसे लक्ष नव्हते. पुस्तिकेतच चूक असेल, तर ती मन लावून पाळणारा माणूसही चुकीचेच बांधणार.

प्रश्न (सोलापूर): या विमानाचे ब्लॅक बॉक्स उड्डाणाच्या क्षणीच बंद पडले असे म्हणतात. मग आत काय घडले हे ठामपणे कसे सांगता येते? तालिबानने तर विमान आपण पाडल्याचा दावा केला होता.

उत्तर: दावा झाला होता आणि नाटोने तो लगेच फेटाळला होता, हल्ल्याचा कोणताही पुरावा पुढेही मिळाला नाही.

ब्लॅक बॉक्स बंद पडणे हाच येथे पुरावा ठरला. वैमानिकांचे संभाषण आणि उड्डाणाचे तपशील नोंदवणारी ही दोन उपकरणे मुद्दाम शेपटीत ठेवतात, कारण अपघातात तो भाग शाबूत राहण्याची शक्यता अधिक असते. विमान जमीन सोडत असतानाच दोन्ही उपकरणांची नोंद थांबली, याचा अर्थ आग किंवा जमिनीवरील आघात होण्याच्या आधीच शेपटीत काहीतरी घुसले होते. दुसरा पुरावा धावपट्टीवर पडलेला होता. विमान कोसळले त्या जागेपासून दूर, जेथून ते नुकतेच उठले होते तेथे, त्याच्या मागील भागाचे तुकडे, हायड्रॉलिक नळीचा भाग आणि लष्करी वाहनाच्या अँटेनाचा तुकडा सापडला. वाहनाची अँटेना विमानाबाहेर पडायची, तर आधी वाहनाने विमानाला भोक पाडलेले असायला हवे. अवशेष कोणत्या क्रमाने पडले, हे तपासात अवशेषांइतकेच बोलके असते.

प्रश्न (नाशिक): नाक वर जाऊन विमान पडले, की माल सरकला असेच समजायचे का?

उत्तर: तसे समजण्याचा मोह विमानातील माणसांनाही होतो, आणि याचे एक उदाहरण अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

१६ फेब्रुवारी २००० रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळच्या मॅथर विमानतळावरून एमरी वर्ल्डवाइडचे डीसी-८ मालवाहू विमान ओहायोतील डेटनकडे निघाले. चाके जमिनीवरून सुटताच नाक आपोआप वर जाऊ लागले. वैमानिकांनी रेडिओवरून गुरुत्वमध्याची, म्हणजे विमानाचा तोल ज्या बिंदूवर राहतो त्याची, गंभीर अडचण असल्याचे कळवले. त्यांची समजूत साहजिकच होती, कारण मालवाहू विमानात नाक वर गेले की पहिला संशय मालावर जातो. विमानतळाकडे परतण्याच्या प्रयत्नात ते जुन्या मोटारींच्या भंगारखान्यावर कोसळले आणि तिघेही गेले. तपासात माल जागच्या जागी असल्याचे निष्पन्न झाले. उजव्या एलिव्हेटरवरील एका लहान पट्टीला हलवणारा दांडा सुटलेला होता, कारण त्याला जोडणारा बोल्ट देखभालीच्या वेळी नीट अडकवून बंद केलेला नव्हता आणि नंतरच्या तपासणीत ते कोणाच्या लक्षात आले नाही. त्या जातीच्या डीसी-८ मध्ये एलिव्हेटर हलवण्याचे काम वैमानिक या छोट्या पट्ट्यांमार्फत करतो. त्यामुळे पट्टी मोकळी सुटली की ती एलिव्हेटरला वैमानिकाच्या इच्छेविरुद्ध वर लोटते. हाताच्या मुठीत मावेल एवढ्या बोल्टची ही गोष्ट आहे.

याच जातीच्या विमानाचा त्याआधीचा अपघात पाहा. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो डोमिंगोकडे डेनिमचे कापड घेऊन निघालेले फाइन एअरचे डीसी-८ याच पद्धतीने नाक वर करून पडले. विमानातील चौघे आणि जमिनीवरील एक मोटारचालक मरण पावला. येथे मात्र मालाचाच दोष होता, पण तोही वेगळ्या प्रकारचा. मूळ योजना एका विमानासाठी केली आणि माल दुसऱ्याच विमानात चढला, पॅलेट, म्हणजे माल रचलेले सपाट फलक, योग्य जागी गेले नाहीत, आणि गुरुत्वमध्य वैमानिकांना दिलेल्या कागदातील जागेपेक्षा बराच मागे राहिला. चुकीच्या कागदावरून वैमानिकांनी शेपटीच्या पंखाचा कोनही चुकीचा ठेवला. नाक उचलताच विमान त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरात वर उसळले.

तिन्ही विमाने बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखीच पडलेली दिसतात. म्हणूनच पहिल्या दिवशी चित्रफीत पाहून ठामपणे कारण सांगणाऱ्यांकडे आम्ही जरा साशंकतेने पाहतो, मग ते दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ का असेनात.

प्रश्न (ठाणे): संगणकात चुकीचे वजन भरल्याने विमान पडू शकते का?

उत्तर: हो, तसे घडलेले आहे. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथून एमके एअरलाइन्सचे बोइंग ७४७ स्पेनमधील सारागोसाकडे निघाले. उड्डाणासाठी लागणारा वेग आणि इंजिनांचा जोर ठरवताना वैमानिकांच्या लॅपटॉपमध्ये आधीच्या विमानतळावरील वजन, म्हणजे २,४०,००० किलो, तसेच राहून गेले असावे, असा कॅनडाच्या तपास मंडळाचा निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात विमान सुमारे ३,५३,००० किलोंचे होते. कमी वजनासाठी पुरेसा असलेला जोर आणि वेग घेऊन ते उठू लागले, शेपूट धावपट्टीला घासली, विमान धावपट्टीपलीकडे गेले, मातीच्या बांधावर आदळून शेपूट तुटली आणि सातही जण गेले. कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस अतिशय लांबलेला होता आणि थकवा हे एक कारण असल्याचे मंडळाने नमूद केले. इतक्या मोठ्या तफावतीची शंका एकालाही कशी आली नाही, असे आपल्याला वाटेल. पण विमान जड आहे की हलके, हे चालकाच्या आसनावर बसून अंगाला जाणवत नाही, आणि पहाटेच्या सुमारास थकलेल्या डोळ्यांना पडद्यावरचा आकडा हा आकडाच वाटतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): विमानाला चार इंजिने असताना एक गळून पडले तर काय बिघडते? उरलेली तीन पुरेशी नसतात का?

उत्तर: इंजिन बंद पडणे आणि इंजिन गळून पडणे यांत मोठे अंतर आहे. बंद पडलेल्या इंजिनासह उड्डाण पुढे नेण्याचा सराव प्रत्येक वैमानिकाने केलेला असतो. गळून पडणारे इंजिन मात्र जाता जाता काय घेऊन जाईल याचा नेम नसतो.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅमहून निघालेल्या एल आल कंपनीच्या ७४७ मालवाहू विमानाचे उजवीकडील आतले इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांत निखळले, कारण त्याला पंखाशी जोडणाऱ्या पिनांमध्ये धातूच्या थकव्यामुळे तडे गेले होते. निखळलेले इंजिन बाहेरच्या इंजिनावर आदळले आणि तेही गेले. पंखाची पुढची कड उघडी पडली, हायड्रॉलिक यंत्रणा तुटल्या. वैमानिकांनी विमान बराच वेळ हवेत ठेवले, पण उतरण्यासाठी वेग कमी करताच खराब झालेला उजवा पंख भार पेलेना आणि विमान बेल्मरमेअर वसाहतीतील इमारतींवर पडले. एकूण ४३ जण मरण पावले, त्यांपैकी ३९ जमिनीवर होते.

लुइव्हिलला धावपट्टीवरून उठतानाच डावे इंजिन त्याच्या आधारासकट निखळले. विमानातील तिघे आणि जमिनीवरील अनेक जण त्यात गेले. प्राथमिक अहवालात आधाराच्या मागील जोडणीत थकव्याचे तडे नोंदवलेले आहेत. एमडी-११ हे डीसी-१० चे पुढचे रूप असल्यामुळे अनेकांना २५ मे १९७९ रोजी शिकागो येथे झालेला डीसी-१० चा अपघात आठवला. ते प्रवासी विमान होते आणि त्यात २७३ माणसे गेली. त्या वेळीही डावे इंजिन आधारासकट सुटले होते, पण तेथे मूळ दोष देखभालीच्या पद्धतीत होता: इंजिन आणि आधार वेगवेगळे न उतरवता फोर्कलिफ्टच्या साहाय्याने एकत्र उतरवताना जोडणीला इजा झाली होती. दोन घटना सारख्या दिसतात म्हणून लुइव्हिललाही तेच घडले, असे धरून चालू नये.

प्रश्न (रत्नागिरी): पक्ष्यांमुळे मालवाहू विमान पडते का?

उत्तर: इंजिन नक्कीच बिघडते. २५ मे २००८ रोजी ब्रसेल्सला एका ७४७ मालवाहू विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला, वैमानिकांनी उड्डाण रद्द केले, विमान धावपट्टी संपवून पुढे गेले आणि त्याचे तुकडे झाले. आतील पाचही जण वाचले. उड्डाण सोडून देण्याचा निर्णय काही सेकंद उशिरा झाला तरी धावपट्टी कमी पडते, इतकेच येथे सांगतो.

प्रश्न (नागपूर): माझा मुलगा विमानतळावर मालवाहतूक विभागात नुकताच कामाला लागला आहे. वरील अपघातांशी त्याच्यासारख्यांच्या कामाचा कितपत संबंध येतो? बगरामनंतर नियम बदलले का?

उत्तर: संबंध फार जवळचा आहे. पॅलेट काट्यावर तोलले गेले का, त्याच्या पाटीवरील वजन लोड अँड ट्रिम शीटमध्ये, म्हणजे विमानाचे वजन आणि तोल मांडणाऱ्या कागदात, उतरले का, ते ठरलेल्याच जागी गेले का, विमानाच्या जमिनीतील, पॅलेट धरून ठेवणारी कुलुपे पूर्ण वर येऊन बसली का, जाळीचे हुक घट्ट आहेत का, आणि ऐनवेळी पॅलेट बदलले तर तो बदल वैमानिकाच्या हातातील कागदापर्यंत पोहोचला का, ही सर्व कामे आपल्या मुलाच्या सहकाऱ्यांच्या हातून होतात. मायामीचा अपघात याच साखळीतून घडला. घाईच्या रात्री कुलूप अर्धवट वर आलेले दिसले, तर विमानाला उशीर झाला तरी चालेल, पण तो वरिष्ठांना सांगायला कचरू नये, असे त्याला आमच्यातर्फे अवश्य सांगावे.

बगरामच्या अपघातापर्यंत अमेरिकेत वैमानिक, यंत्रज्ञ आणि उड्डाण नियोजकांना सरकारी प्रमाणपत्र लागत असे, पण विमानातील मालाची बांधणी ठरवणाऱ्या लोडमास्टरला तसे बंधन नव्हते, आणि त्याच्या कामाच्या तासांनाही वैमानिकांसारखी मर्यादा नव्हती. अशा मालाच्या बांधणीची जबाबदारी असणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र, ठरावीक प्रशिक्षण आणि कामाच्या तासांचे नियम असावेत, अशी शिफारस एनटीएसबीने २०१५ मध्ये केली. त्याच वेळी विशेष मालाची बांधणी कंपन्या प्रत्यक्षात कशी करतात, हे तपासनिसांनी विमानाजवळ जाऊन पाहावे, नुसत्या पुस्तिका तपासून थांबू नये, असाही मंडळाचा आग्रह होता.